परदेशातील भागीदार मंडळीची भेट: विश्वास कशाने वाढतो, कशाने खुंटतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चर्चचा गट परदेशातील भागीदार मंडळीला, म्हणजे तिथल्या स्थानिक चर्चला, भेटायला निघाला की दोन प्रकारची मते हमखास ऐकू येतात. काहींच्या मते ही अर्पणाच्या पैशांवर केलेली सहल असते. काहींच्या मते जो जातो तो आतून बदलूनच परततो. अशा भेटींची आखणी, गटाची तयारी आणि नंतरचा पाठपुरावा ही कामे आम्ही करतो, म्हणून दोन्ही मतांविषयी लिहावेसे वाटले. पहिले मत पुष्कळदा खरे ठरते आणि दोष आखणीचा असतो. दुसरे मत अधिक धोक्याचे आहे. प्रवास झाला की विश्वास आपोआप खोल होईल असे गृहीत धरले, की तयारी आणि पाठपुरावा दोन्हींना फाटा मिळतो.

भागीदारी म्हणजे दोन मंडळ्यांनी किंवा दोन धर्मप्रांतांनी (एका बिशपच्या अखत्यारीतील चर्चेसच्या समूहांनी) लेखी ठरवलेले नाते. त्यात एकमेकांसाठी नियमित प्रार्थना, दोन्ही बाजूंनी भेटी, पैशांचे स्पष्ट नियम आणि तीन किंवा पाच वर्षांनी फेरविचार एवढे तरी असावे. एकदाच जाऊन भिंत रंगवून येण्याची फेरी यात बसत नाही.

या नात्याची मागणी जुनी आहे. जून १९१० मध्ये एडिंबरा येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. बाराशेच्या आसपास प्रतिनिधींमध्ये आशियातले वीसदेखील नव्हते. त्यांपैकी व्ही. एस. अझरिया हे तरुण भारतीय सेवक परदेशी मिशनरी आणि स्थानिक सेवक यांच्या संबंधांवर बोलले आणि सभा अवघडून गेली. तुम्ही गरिबांना अन्न दिले, आपले देह जाळण्यासही दिले, आता आम्हाला प्रेमही हवे आहे, आम्हाला मित्र द्या, असे त्यांचे म्हणणे होते. १९१२ मध्ये ते अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले. त्यांनी पैसे मागितले नव्हते, हे भेटीचे अंदाजपत्रक मांडताना आठवले तर बरे. पुढे १९६३ मध्ये टोरोंटोच्या अँग्लिकन काँग्रेसने देणारे चर्च आणि घेणारे चर्च ही विभागणी नाकारून परस्पर जबाबदारीची भूमिका मांडली. धर्मप्रांतांच्या जोड्या जुळण्याला त्यानंतर वेग आला. १७९५ मध्ये स्थापन झालेल्या लंडन मिशनरी सोसायटीचा वारसा चालवणाऱ्या संस्थेने १९७७ मध्ये 'कौन्सिल फॉर वर्ल्ड मिशन' ही नवी रचना स्वीकारली. पैसा आणि माणसे यांचे निर्णय सदस्य चर्चेस मिळून घेऊ लागली.

दरम्यान जगाचा नकाशाही पालटला. १९१० मध्ये जगातील दर दहा ख्रिस्ती माणसांपैकी आठ मुख्यतः युरोप आणि उत्तर अमेरिकेत राहत. २०१० पर्यंत दहांपैकी सहा आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेत होते. कोण कोणाकडून शिकायला जाते, या प्रश्नाचे जुने उत्तर आता चालत नाही.

भेटीने विश्वास नेमका कशाने खोल होतो, हे आता सांगतो. आमच्या मते सर्वांत मोठे कारण परक्या मंडळीबरोबर बसून बायबलचे वचन वाचणे हे आहे, आणि कार्यक्रमात नेमका त्यालाच सर्वांत कमी वेळ मिळतो. अमेरिकन बायबल अभ्यासक मार्क अ‍ॅलन पॉवेल यांनी एक साधा प्रयोग केला. उधळ्या पुत्राचा दाखला (वडिलांची मालमत्ता परदेशात उडवून उपाशी पडलेल्या मुलाची येशूने सांगितलेली गोष्ट) वाचायचा, बायबल मिटायचे आणि तो आठवणीतून सांगायचा. शंभर अमेरिकनांपैकी फक्त सहा जणांनी त्यातल्या दुष्काळाचा उल्लेख केला. सेंट पीटर्सबर्गमध्ये पन्नासपैकी बेचाळीस जणांनी केला. लूक १५:१४ मध्ये दुष्काळ स्वच्छ लिहिलेला आहे. पण १९४१ ते १९४४ च्या वेढ्यात लाखो माणसे भुकेने गेलेल्या शहराला तो शब्द दिसला, आणि भरल्या पोटीच्या वाचकांच्या नजरेतून तो निसटला. टांझानियात, मुलगा उपाशी का राहिला असे विचारल्यावर बहुतेकांनी तिसरेच कारण दिले: त्याला कोणी खायला दिले नाही. तेही सोळाव्या वचनात आहे. कोणासाठी तो मुलगा उधळ्या होता, कोणासाठी दुष्काळग्रस्त होता, कोणासाठी निर्दय गावात अडकलेला परका होता. तिन्ही वाचने मजकुरातच आहेत, पण एका ठिकाणी बसून ती तिन्ही सापडणे कठीण. आपण वर्षानुवर्षे ऐकलेला दाखला अर्धाच ऐकला होता हे कळणे, याला आम्ही विश्वास खोल होणे म्हणतो. त्यात देवाविषयीचे ज्ञान वाढते आणि आपल्या ज्ञानाविषयीचा गर्व कमी होतो.

हे घडवून आणण्यासाठी फार काही लागत नाही, पण जे लागते ते आधी लागते. भेटीच्या सहा ते आठ आठवडे आधी दोन्ही मंडळ्यांनी मिळून चार उतारे निवडावेत. रूथचे पहिले दोन अध्याय, लूक १५, प्रेषितांची कृत्ये १०, एखादे विलापाचे स्तोत्र, असे काहीही चालेल. दोन्हीकडे आठवड्याला एक उतारा आपापल्या भाषेत वाचला जावा आणि प्रत्येकाने एकच प्रश्न लिहून ठेवावा. प्रत्यक्ष भेटीत पाच-सहा जणांचे मिश्र गट करावेत, दर गटात एक दुभाषी आणि पाऊण ते एक तास वेळ. बोलण्याची सुरुवात यजमानांनी करावी. हा नियम बारीक वाटतो, पण पाहुणा आधी बोलला की यजमान सौजन्याने त्याच्याच मताला दुजोरा देतात आणि सत्र तिथेच संपते. पाळक उपस्थित असतील तर त्यांनी शेवटी बोलावे, कारण तेच. स्त्रियांचा आणि तरुणांचा वेगळा गट लागेल का, हे यजमानांना विचारूनच ठरवावे.

दुभाष्याकडे बहुतेक गट दुर्लक्ष करतात. बारा मिनिटांचा संदेश अनुवादासह पंचवीस मिनिटांचा होतो. म्हणून मूळ संदेश निम्मा लिहावा, वाक्ये छोटी ठेवावीत, विनोद आणि म्हणी टाळाव्यात, आणि मजकूर व शास्त्रपाठ दोन दिवस आधी दुभाष्याच्या हातात द्यावा. एकाच माणसाकडून सकाळपासून रात्रीपर्यंत अनुवाद करून घेऊ नये. दोन तासांनंतर अनुवादाचे सारांश होऊ लागतात आणि दोन्ही बाजूंना ते कळत नाही. दुभाष्याचे मानधन अंदाजपत्रकात आधीच धरावे. तो मंडळीचाच सभासद असला तरीही, कारण त्या दिवसांची त्याची कमाई बुडालेली असते.

दुसरे कारण पाहुणचार घेणे. येशूने शिष्यांना पाठवताना झोळी नेऊ नका, पुढे वाढतील ते खा, घरे बदलत फिरू नका असे सांगितले (लूक १०). वाटेल तेव्हा निघून जाण्याची आणि स्वतःची सोय स्वतः करण्याची मुभाच त्यांनी काढून घेतली. हे आजच्या आखणीत शब्दशः उतरवता येते. मुक्काम शक्यतो एकाच ठिकाणी, यजमानांच्या घरांत, एका घरी दोघे. हॉटेल घेतले की संध्याकाळ सुटते आणि कौटुंबिक प्रार्थना, आजारी आजी, मुलांचा अभ्यास, उद्याच्या खर्चाची चिंता हे काहीच दिसत नाही. देणाऱ्याच्या भूमिकेत विश्वासाची परीक्षा होत नाही. ज्याला पाणी कुठून आणायचे हेही विचारावे लागते, त्याला रोजची भाकर मागणारी प्रार्थना वेगळी ऐकू येते. अर्थात ज्याला विशिष्ट औषधे, पथ्य किंवा स्वतंत्र स्वच्छतागृह लागते त्याची सोय आधी सांगून करावी. संकोचाने लपवलेला मधुमेह चौथ्या दिवशी सगळ्या गटाचा कार्यक्रम थांबवतो.

पाहुणचाराचा खर्च मात्र पाहुण्यांनी उचलावा. वाहनाचे इंधन, जेवण, पाणी, दुभाषी, मदतनीस यांचा हिशेब यजमान समितीकडून आधी मागवून घ्यावा आणि पैसे पोहोचण्याआधी द्यावेत. यजमान आकडा कमी सांगतात. म्हणून वर पंधरा-वीस टक्के धरावेत आणि उरले तर त्यांच्याकडेच राहतील असे लेखी कळवावे.

तयारीचे वेळापत्रक भेटीच्या तारखेपासून मागे मोजावे. नऊ ते बारा महिने आधी दोन्ही समित्यांनी भेटीचा हेतू दोन वाक्यांत लिहावा. तो दोन वाक्यांत लिहिता येत नसेल तर भेट पुढे ढकलणे शहाणपणाचे. सहा महिने आधी गट निवडावा. सहा ते दहा जण पुरे. बारांच्या वर गेले की दोन वाहने लागतात आणि माणसे आपापसातच गप्पा मारत राहतात. निवड अर्ज आणि मुलाखतीने व्हावी, मुलाखतीत भागीदार मंडळीचा किंवा ती मंडळी जाणणारा एक जण असावा. वयांचे मिश्रण हवे. सर्वांत जास्त देणगी देणारा आपोआप गटात, ही प्रथा मोडावी. गटनेता पाळकच असावा असेही नाही. ज्याला नाही म्हणता येते आणि हिशेब ठेवता येतो, असा कोणीही चालेल.

दोन-दोन तासांच्या पाच-सहा बैठका घ्याव्यात. पहिलीत त्या देशाचा आणि त्या चर्चचा इतिहास, विशेषतः वसाहतकाळाचा आणि आपल्या चर्चचा त्यातला वाटा. दुसरीत ठरवलेले उतारे. तिसरीत भाषा: अभिवादन, आभार, क्षमा, नातेवाचक शब्द, एक गीत. पन्नास शब्द पाठ झाले तरी फरक पडतो. चौथीत बालसुरक्षा, पैसे, फोटो यांचे नियम, त्यावर सह्या. पाचवीत आरोग्य आणि कागदपत्रे. सहावीत मंडळीसमोर प्रार्थना करून पाठवणी. अंत्युखियाच्या मंडळीने बर्णबा आणि पौल या प्रेषितांना उपवास-प्रार्थना करून, हात ठेवून पाठवले (प्रेषितांची कृत्ये १३). त्यामुळे जाणारा स्वतःच्या हौशीने निघालेला राहत नाही, आणि परतल्यावर मंडळी त्याला जाब विचारू शकते.

कागदपत्रांत एक गोष्ट विश्वासाच्या गाभ्याशी जाते, ती व्हिसा. पुष्कळ देशांत पर्यटक व्हिसावर प्रवचन करणे, शिकवणे किंवा स्वयंसेवा करणे नियमबाह्य असते. "सहलीला आलो म्हणून सांगा" असा सल्ला अनुभवी लोकही देतात. तो मानू नये. खोटे पकडले गेले तर पाहुणा परत पाठवला जातो, पण चौकशी यजमान मंडळीची होते आणि तिचे परवाने अडकतात. दूतावासाला लेखी विचारावे, यजमानांचे निमंत्रणपत्र जोडावे, आणि जे करायला परवानगी नाही ते कार्यक्रमातून काढावे. पासपोर्टची मुदत प्रवेशानंतर सहा महिने तरी असावी अशी अनेक देशांची अट असते.

आरोग्यासाठी प्रवासाच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांकडे जावे. पीतज्वराच्या लशीचा दाखला लस घेतल्यापासून दहाव्या दिवशी वैध होतो, त्यामुळे शेवटच्या आठवड्यातली लस सीमेवर कामाची नाही. २०१६ पासून हा दाखला आयुष्यभर चालतो, दर दहा वर्षांनी नवा लागत नाही. हिवतापाच्या गोळ्यांबाबत चूक परतल्यावर होते. काही गोळ्या घरी आल्यावर आणखी आठवडाभर, काही चार आठवडे घ्याव्या लागतात. प्रवास संपला म्हणून लोक त्या बंद करतात आणि यकृतात दडलेला जंतू नंतर डोके वर काढतो. पुढच्या वर्षभरात कधीही ताप आला तर डॉक्टरांना प्रवासाची माहिती द्यावी. विम्यात रुग्णाला दुसरीकडे हलवण्याचा खर्च समाविष्ट आहे का, हे पॉलिसीत स्वतः वाचून पाहावे.

प्रत्यक्ष भेट दहा ते चौदा दिवसांची असावी. पहिला दीड दिवस मोकळा. त्यानंतर दिवसाला दोनच कार्यक्रम, मध्ये एक पूर्ण विश्रांतीचा दिवस. यजमानांनाही तो हवा असतो, फक्त ते मागत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बहुतेकांचा उत्साह ओसरतो. झोप अपुरी, पोट बिघडलेले, उपासना लांबलेली, काय चालले आहे ते कळत नाही. चिडचिड होते आणि ती यजमानांच्या वेळ न पाळण्यावर निघते. हे होणार असे आधी सांगून ठेवले की माणूस स्वतःला लवकर सावरतो. स्वतःच्या पुण्याईविषयीचा भ्रम याच दिवसांत गळतो, म्हणून गटनेत्यांनी हे दिवस कार्यक्रमांनी भरून टाकू नयेत. रोज रात्री पाऊण तास गटाने एकत्र बसावे आणि तीन प्रश्नांना उत्तर द्यावे: आज देवाचे काम कुठे दिसले, आज मला कशाचा राग आला किंवा लाज वाटली, आणि उद्या कोणाचे ऐकायचे राहिले आहे. दुसरा प्रश्न गाळायचा मोह होतो. नेमका तो गाळला की उरलेली दोन उत्तरे गोड गोड होतात.

याच बैठकीत एक वाक्य हटकून येते: यांच्याकडे काही नाही, तरी किती आनंदी आहेत. गटनेत्याने ते तिथेच थांबवावे. पाहुण्यांसमोर माणसे हसतमुख असतात, हे जगात सगळीकडेच आहे. या वाक्याने यजमानांचे दुःख पुसले जाते, आणि आपल्याला काही बदलायला नको अशी सोयीची पळवाटही मिळते. त्यांच्या उपासनेत विलापाची स्तोत्रे का गायली जातात, असे विचारले तर उत्तर वेगळे येते. दफनाच्या प्रार्थनेला किंवा उपवासाच्या रात्रीला बसण्याची संधी यजमानांनी स्वतःहून दिली, तर ती रंगीत स्वागत-समारंभापेक्षा कितीतरी मोलाची.

आता पैसा, कारण भागीदाऱ्या बहुतांशी त्यावरच तुटतात. कोणीही कोणालाही खासगीत रक्कम, फोन, शिक्षणाचा खर्च देऊ नये. देणाऱ्याला ते प्रेम वाटते. मागे राहणाऱ्या मंडळीत मात्र त्याला मिळाले, मला का नाही, हा प्रश्न वर्षानुवर्षे धुमसतो आणि पाळकांचा शब्द हलका होतो. मागणी आली तर उत्तर आधीच ठरलेले असावे: हे आम्ही दोन्ही समित्यांपुढे ठेवू, हे आश्वासन नाही. "बघतो काय करता येते ते" असे म्हणू नये. दुभाष्याच्या तोंडून ते "करतो" असे पोहोचते, आणि पाहुणा विसरला तरी ऐकणारा विसरत नाही. यरुशलेमच्या मंडळीसाठी गोळा केलेली रक्कम पोहोचवताना पौलाने आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी बांधव पाठवले. एवढ्या मोठ्या दानाच्या व्यवस्थेत कोणी बोट ठेवू नये, हे कारणही त्याने स्पष्ट लिहिले (२ करिंथ ८). दोन सह्या, पावती, दोन्हीकडे वाचला जाणारा वार्षिक हिशेब, हे त्याचे आजचे रूप. शिवाय अनेक देशांत परदेशी देणगी घेण्यावर कायद्याची बंधने आहेत. रोख रक्कम खिशातून नेऊन दिली तर अडचणीत यजमान येतात. प्रवासाचा निधी आणि प्रकल्पाचा निधी यांची खाती वेगळी असावीत. जुन्या कपड्यांच्या पेट्या नेऊ नयेत. तिथल्या शिंप्याचे आणि दुकानदाराचे त्यात नुकसान आहे.

श्रमदानाबाबत एक अभ्यास प्रत्येक समितीने लक्षात घ्यावा. १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर उत्तर अमेरिकेतील गटांनी हाँड्युरसमध्ये जाऊन घरे बांधली. समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हेर बीक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले, की स्थानिक संस्था सुमारे दोन हजार डॉलरमध्ये बांधत असलेल्या घरामागे या गटांचा प्रवासासह खर्च सुमारे तीस हजार डॉलर होत होता. घरात राहायला आलेल्या कुटुंबांना, ते कोणी बांधले याने फारसा फरक पडला नव्हता. जाऊन आलेल्यांच्या प्रार्थनेत, देण्यात, जीवनक्रमातही टिकाऊ बदल थोडाच होता, जरी बदल झाला असे त्यांना स्वतःला वाटत होते. भेट म्हणजे वायफळ खर्च असा निष्कर्ष आम्ही यातून काढत नाही. घर बांधायचे असेल तर पैसे पाठवावेत आणि तिथल्या गवंड्याला मजुरी मिळू द्यावी, आणि भेटायचे असेल तर भेटायलाच जावे. आपत्तीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत तर पाहुणे जाऊच नयेत. त्यांची जेवणे आणि गाड्या तेव्हा दुसऱ्या कोणाला तरी हव्या असतात.

मुलांच्या बाबतीत सवलत नको. अनाथालयांना भेटी, तिथे दोन दिवस खेळ आणि गाणी, हे कार्यक्रमातून काढून टाकावे. अशा संस्थांतल्या पुष्कळ मुलांचे आईवडील हयात असतात, आणि पाहुण्यांची गर्दी व देणग्या यांमुळे मुलांना घरापासून तोडून तिथे आणण्यास चालना मिळते. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने बालहक्कांच्या ठरावात अशा स्वयंसेवेतून होणाऱ्या शोषणाविरुद्ध पावले उचलण्यास सांगितले आहे. संडे स्कूलमध्ये जायचे असेल तर दोन प्रौढ सदैव एकत्र, आणि प्रत्येकाची पोलीस पडताळणी आधीच झालेली. फोटोसाठी मुलाच्या पालकांची परवानगी घ्यावी, नाव आणि गाव एकत्र छापू नये. पहिले दोन दिवस कोणीच फोन बाहेर काढायचा नाही, असा नियम आम्ही सुचवतो. तो तरुणांपेक्षा ज्येष्ठांना जड जातो.

परतल्यानंतरच्या वर्षाबद्दल बोलायला कोणाला सवड नसते. व्हेर बीक यांच्या निष्कर्षाचे कारण इथेच आहे: पाठपुरावा आणि जाब विचारणारे कोणी नसेल तर भावना ओसरते. पौल आणि बर्णबा परतल्यावर त्यांनी मंडळी जमवली आणि देवाने काय केले ते सांगितले (प्रेषितांची कृत्ये १४). आजच्या अहवालात प्रेमळ स्वागताचे शंभर फोटो असतात, देवाने काय केले ते राहून जाते. उपासनेत तिघांनी मिळून दहा मिनिटे बोलावे, फोटो दहाच दाखवावेत, आणि एकाने तरी आपला कोणता समज मोडला ते सांगावे. गटाने दोन आठवड्यांनी, सहा आठवड्यांनी आणि सहा महिन्यांनी भेटायची तारीख जाण्याआधीच ठरवावी. पहिल्या बैठकीत प्रत्येकाने वर्षभरासाठी एकच ठोस गोष्ट लिहावी. यजमान कुटुंबासाठी ठरलेल्या दिवशी प्रार्थना, उत्पन्नाचा ठरावीक भाग, आपल्या शहरातील स्थलांतरित मंडळीशी ओळख, यांपैकी काहीही चालेल. सहाव्या महिन्यात ती वाचली जावी. मोठमोठे संकल्प सोडून छोटे लिहायला लावणे, हे गटनेत्याचे काम. दोन्ही मंडळ्यांची महिन्याला एकदा अर्ध्या-पाऊण तासाची फोनवरची किंवा व्हिडिओ प्रार्थना चालू राहिली, तर जे गेले नाहीत तेही नात्यात येतात. वेळ ठरवताना दोघांच्या घड्याळांतला फरक आळीपाळीने एकेकाने सोसावा. भेटीचे मूल्यमापन आधी यजमानांनी लिहावे, पाहुण्यांनी नंतर. रोमकरांस लिहिताना पौल म्हणतो, की तुमच्या आणि माझ्या विश्वासाने आपल्याला परस्परांपासून उत्तेजन मिळावे. प्रेषितालाही घेण्याची गरज वाटत होती.

भेट दुसऱ्या बाजूने झाली नाही तर भागीदारी हे नाव लावू नये. दोन वर्षांच्या आत यजमानांना आपल्याकडे बोलवावे. इथे अडसर व्हिसाचा असतो. श्रीमंत देश तरुण, अविवाहित, कमी उत्पन्नाच्या अर्जदारांना वरचेवर नाकारतात. तीन-चार महिने आधी अर्ज, निमंत्रणपत्रात खर्च आणि निवास कोणाकडे याचा स्पष्ट उल्लेख, परतीची कारणे दाखवणारी कागदपत्रे, आणि जितके यायचे त्याहून दोघांचे अर्ज जास्त, अशी तजवीज करावी. नाकारले गेल्यास अर्जाचे शुल्क निमंत्रण देणाऱ्या मंडळीने सोसावे. पाहुणे आले की त्यांना भव्य इमारतीच दाखवू नयेत. रिकामी बाके, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची घरे, चर्चकडे फिरकत नसलेली मुले हेही दाखवावे, आणि त्यांना उपदेशाला उभे करून आपल्या मंडळीविषयी काय दिसले ते मोकळेपणाने बोलू द्यावे.

तारखा यजमानांनीच ठरवाव्यात. सुगी, परीक्षा, निवडणुका, पावसाळा, दीर्घ उपवास हे त्यांनाच माहीत. आणि त्यांनी "यंदा नको" असे कळवले, तर कारण दोनदा विचारू नये, तिकिटांची घाई दाखवू नये, निधी तसाच ठेवावा आणि महिन्याची प्रार्थना चालू ठेवावी.

आपले,
चर्च-भागीदारीच्या कामातील काही सेवक